सहीशिवायची आई

माझी ताई कोथिंबीर घेतानासुद्धा जुडी सोडून आतली पानं बघते. भाजीवाला काय म्हणेल याची तिला फिकीर नसते. त्यामुळे तिनं ऑनलाइन लिलावात चित्र घ्यायचं ठरवलं तेव्हा मी धास्तावलोच. हिचं बघून होईस्तोवर लिलाव उरकायचा!

आणि चित्र काही ऐरंगैरं नव्हतं. आमचे बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांनी आईचं एकच मोठं तैलचित्र काढलं, ताटात वाल सोलत बसलेली. घरी आलेल्या एका गृहस्थांना ते फार आवडलं आणि बाबांनी भिडेपोटी देऊन टाकलं. आईनं त्यानंतर बरेच दिवस अबोला धरला होता. आता दोघंही नाहीत, आणि आईचा धड फोटोही नाही, कारण कॅमेरा दिसला की ती पदर तोंडावर ओढायची. अशात भाचीला, म्हणजे ताईच्या मुलीला, फोनवर ते चित्र लिलावात दिसलं.

मी नारायण पेठेतून रिक्षा करून थेट धायरीला ताईकडे पोचलो. ती चष्मा लावून अटी वाचत होती.

"अगं, आई विकायला निघालीये आणि तू अटी कसल्या वाचतेस?"

"आईच आहे का, तेच बघायचंय. तू चहा घे."

तिनं चित्राच्या मागच्या बाजूचे फोटो मागवले. दुरुस्ती कुठे झालीये ते विचारलं. चित्र किंवा त्याचं वर्णन खरं नाही असं निघालं, तर मुदतीत परत घेऊन सगळे पैसे द्याल ना, हेही विचारलं. उत्तर गुळमुळीत आलं, तर म्हणाली, "असं नको, नीट लिहून द्या." दिलं हो त्यांनी लिहून! जन्मभर गणित शिकवलेली बाई, गाळलेली पायरी तिला चालत नाही. मी असतो तर फोटो बघूनच बोली लावून मोकळा झालो असतो.

चित्र आम्हालाच मिळालं. खोकं घरी आल्यावर ताईनं भाचीला आधी व्हिडिओ सुरू करायला लावला आणि मगच चिकटपट्टीला कात्री लावली. आई दिसली मात्र, मी ढसाढसा रडलो. ताई कोपऱ्यातल्या बाबांच्या सहीकडे बघत होती.

"ही त्यांची नव्हे," ती म्हणाली. "घरच्या माणसांच्या चित्रावर ते सही करायचेच नाहीत. भांड्यावर नाव घालतात तसं बायकोवर घालू का, म्हणायचे. मला फोटोतच दिसली होती ही. म्हणून तर लिहून घेतलं."

खरंच होतं ते. आम्हा दोघांची लहानपणीची चित्रं तिच्याच भिंतीवर आहेत, एकावरही सही नाही. पण मला ते ऐकायचं नव्हतं. "असू दे ना नक्कल! आई दिसतेय ना?" मी ओरडलोच. "परत पाठवलंस तर याद राख!"

"बाबांचं बघून दुसऱ्या कुणीतरी काढलेली आई मला नकोय," ती शांतपणे म्हणाली. मला तिचा असा संताप आला की मी न जेवता घरी आलो.

तिनं मुदतीच्या आत तक्रार केली, आमची चित्रं पुरावा म्हणून दाखवली आणि तपासणी मागितली. लिलाववाल्यांनी एक तज्ज्ञ बाई घरी पाठवल्या. मीही गेलो, न जाऊन सांगतो कुणाला? त्यांनी दिवा तिरका धरून भिंगातून बराच वेळ बघितलं. चित्र जुनंच आहे, म्हणाल्या, पण सही शेवटी वरून दिलेल्या वॉर्निशच्याही वर आहे. कुणीतरी भाव यावा म्हणून नंतर ठोकून दिली.

"वर्णन चुकलंय, म्हणजे चूक आमची. चित्र परत करा, सगळे पैसे मिळतील."

नियम म्हणजे नियम म्हणणारी माझी ही बहीण आता आईला बांधून देणार! त्या क्षणी ताईच्या पाया पडायचीही माझी तयारी होती.

"सही खोटी निघाली, चित्र नाही," ताई म्हणाली. "चित्र राहू दे. चित्रासोबत दिलेलं तुमचं प्रमाणपत्र तेवढं दुरुस्त करा. सही चित्रकाराची नाही असं लिहा, आणि चित्रकार म्हणून बाबांचंच नाव ठेवा."

बाई अवघडल्या. "अहो, पण सहीच गेली तर नाव कशाच्या आधारावर ठेवायचं?"

ताईनं चित्राकडे बोट दाखवलं. "तोंड बघा तिचं. किती वेळ बसवून ठेवताय, आमटी लागली खाली, असं म्हणतेय. आमची आई जगात कुणाकडे अशी बघायची नाही, फक्त बाबांकडे बघायची."

बाईंना हसू आलं.

"हसताय काय, लिहा," ताई म्हणाली. आवाज मात्र भरून आला तिचा. मी तिचा हात धरला.