निम्मदे म्हणजे निम्मं नव्हे!

मंडळी, घाईत लिहितोय, चुका सांभाळून घ्या.

मैसूरला येऊन मला चारच महिने झालेत. कारखान्यांना कामगार पुरवणाऱ्या एका कंपनीची फ्रँचायझी घेतोय. आज खरं तर बैलकुप्प्याच्या तिबेटी वसाहतीत मोमो खायला जायचं होतं, पण लायसनच्या अर्जासाठी लेबर ऑफिसात जावं लागलं.

तिथले क्लार्क कन्नडमध्ये म्हणाले, "होणे निम्मदे, गोत्ता?" गोत्ता म्हणजे 'कळलं ना', एवढं मला माहीत होतं. मला वाटलं, जे काही होणं असेल ते निम्मं कंपनीचं, निम्मं माझं. "हौदु सर", म्हणजे 'हो सर' म्हणून अर्जावर सही ठोकली.

घरमालकीण शोभाक्का इथल्याच जुन्या मराठी घरातल्या. त्यांना हे ऐटीत सांगितलं, तर कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अय्यो, होणे म्हंजे जबाबदारी रे! निम्मदे म्हंजे तुमचीच. निम्मी कुठली, सगळी!"

म्हणजे कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनखाली मी पाठवलेल्या कुणाचा हात सापडला, तर जाब मी द्यायचा. मी ते मशीन अजून पाहिलेलंसुद्धा नाही.

आत्ताच मंजूचा फोन आला, माझ्या यादीतला पहिला कामगार. "सर, लायसन आलं की प्रेसवर मीच ना?"

घाबरून 'हो' म्हणालो आणि फोन ठेवला. आता त्याला परत फोन करून काय सांगू?