तरवडाच्या फुलांचा कललेला डोंगर

परतूर, निजामाची राजवट. घटस्थापनेची संध्याकाळ. हजर: माझे चुलतसासरे, आमची घरमालकीण, तिची म्हैस, म्हशीचं पारडू, पलीकडच्या खोलीतली तेलंगी बाई, तिच्या कडेवरचं मूल, आणि मी.

माझ्या चुलतसासऱ्यांइतका निकाल न देणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नाही. परक्या माणसाच्या रीतीभातीबद्दल कुणी विचारलं, की त्यांचं उत्तर ठरलेलं, "करून बघतो, मंग सांगतो." करून बघितल्यावरचंही ठरलेलंच, "अजून बराबर कळालं न्हाई." या दोन वाक्यांच्या मधे जो पसारा होई, तो आवरायचं काम माझं. कचेरीतले मुन्शी भर वैशाखात शेरवानीची गळ्यापर्यंत बटणं लावून कसे हिंडतात, याला लोक मिजास म्हणत. काकांनी मुन्शींचीच जुनी शेरवानी मागून आणली आणि दिवसभर घालून बसले. संध्याकाळी त्यांच्या पाठीला चंदन उगाळून लावताना मी विचारलं, काय कळलं? म्हणाले, "घामोळं कळालं. मुन्शी अजून न्हाई." लमाणी बायका दंडापर्यंत चुडे घालून पाणी कशा शेंदतात, हे बघायला त्यांनी तांड्यावर जाऊन चुडे चढवले. चढले, उतरेनात. तेल झालं, साबण झाला. शेवटी पुतणीच्या लग्नात ते भर उकाड्यात शाल पांघरून अक्षता टाकत उभे राहिले, आणि हात वर झाला की वाजत. व्याह्यांनी चौकशी केली, तेव्हा ताप आहे असं मलाच सांगावं लागलं.

असल्या माणसाकडे त्या घटस्थापनेला खरोखरचा निवाडा आला.

तेलंगी बाई वरंगलकडची. नवरा तहसील कचेरीत कारकून. आदल्या दिवशी, म्हणजे सर्वपित्री अमावास्येला, आपण पितरांना पान वाढून कावळ्याची वाट बघत होतो, तेव्हा ही बाई माळावरून ओटीभर तरवडाची पिवळी फुलं घेऊन आली. ती तिने ताटात थरावर थर रचली, डोंगराच्या टोकावर हळदीचा गोळा बसवला, भोवती टाळ्या वाजवत फिरली आणि अंधार पडायच्या आत सगळं ओढ्यात सोडून आली. घरमालकिणीने हे भिंतीवरून पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हशीने दूध दिलं नाही. झालं. अमावास्या, हळद, वाहतं पाणी आणि आटलेली म्हैस, करणीला आणखी काय लागतं? उद्या सकाळी खोली खाली करा, असा निरोप गेला. एकदा करणीवाली म्हणून नाव निघालं, की परतुरात त्या बाईला दुसरी खोली कुणी देणार नव्हतं. ती माझ्याकडे येऊन रडली, "फूलां की देवी है, अम्मा. हमारे में सब औरतां करते." मग तिनेच हळू विचारलं, घरमालकिणीने देवघरात काळी माती पसरून वर मडकं ठेवलंय, तर त्यांच्याकडे कोण वारलं?

घरमालकीण म्हणाली, काका सांगतील ते मान्य. मी कपाळाला हात लावला.

काका उठले ते थेट माळावर. धोतराच्या ओच्यात फुलं भरून आले आणि घरमालकिणीचंच पितळी ताट मागून तिच्याच गोठ्यात, म्हशीपुढे बसले. डोंगर रचला. तो डावीकडे कलला. पुन्हा रचला, उजवीकडे कलला. मग हळदीचा गोळा ठेवून, सत्तरीचा माणूस, टाळ्या वाजवत म्हशीला फेऱ्या घालू लागला. तेलंगी बाई दारातून बघत होती. पदर तोंडात कोंबूनही तिचं हसू आवरेना.

"काका, अहो म्हैस पार जाईल माझी," घरमालकीण म्हणाली.

"जाऊ दे. मंग माझीबी करणी ठरंल. दोघांना संगं काढ."

ती धारेचं भांडं घ्यायला आत गेली. तेवढ्यात पारडाने मान तिरकी केली, दाव्याचा सैल फासा कानावरून सरकवला आणि काकांच्या देखत आईला लुचायला लागलं. काकांनी हाक मारली नाही. घरमालकीण भांडं घेऊन बाहेर आली, तेव्हा पारडाच्या तोंडाला फेस होता.

"ही बघ तुझी करणीवाली," काका म्हणाले, "हिला खोली खाली करायला सांग."

घरमालकिणीने आधी फासा घट्ट केला, मग तेलंगी बाईकडे न बघता म्हणाली, "ऱ्हा म्हणावं." थोड्या वेळाने तिने काकांना विचारलं, "म्हणजे बाई चांगली हाय ना?"

"अजून बराबर कळालं न्हाई. तिच्या हातचं जेवण बाकी हाय."

अष्टमीला, म्हणजे फुलांच्या देवीच्या नवव्या आणि शेवटच्या दिवशी, घरमालकीण स्वतः तेलंगी बाईबरोबर फुलांचं ताट घेऊन ओढ्यावर गेली. तेलंगी बाई घटाच्या आरतीला आली. काका तिच्याकडे जेवले, आंबट वरणाने घाम फुटेपर्यंत जेवले, आणि मत दिलं नाही. त्यांचा डोंगर मात्र कललेलाच राहिला. खाली भोपळ्याची पानं कशी अंथरायची, ते पुढच्या वर्षी शिकवते, असं तिने त्यांना सांगितलं होतं. पुढच्या वर्षाआधी तिच्या नवऱ्याची बदली झाली.

त्यानंतर काका होते तोवर दर सर्वपित्रीला पितरांची पानं उठली, की एकटेच फुलं घेऊन बसत. "खाली पानं किती असतील गं?" असं मला विचारत. मला घरातल्या वाट्यासुद्धा मोजून ठाऊक, पण हे सांगता येत नसे. आता त्यांचंही पान त्याच दिवशी वाढते. ते उठलं, की फुलं घेऊन मी बसते. भोपळ्याची पानं उलटी घालून पाहिली, सुलटी घालून पाहिली. यंदाही डावीकडेच कलला. अष्टमीला अजून अवकाश आहे. माळावर फुलं आहेत, उद्या पुन्हा आणायची आहेत.