पस्तीस मीटर आधी

"हात खंय होते?"

मास्तरांचा हा प्रश्न आमच्या मरोळच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येक पोराने कधी ना कधी ऐकला होता. माझी धाकटी सायकलवरून पडली, गुडघा फोडून घरी आली, तेव्हा किती लागलं हे विचारायच्या आधी त्यांनी तिला हेच विचारलं. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या हातून दुधाचं पातेलं सुटलं, तेव्हा जिन्याने वर जाता जाता ते त्यांच्या दारात थांबले आणि म्हणाले, "वहिनी, हात खंय होते?" वहिनी आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मास्तरांना त्यात विनोद करायचा नव्हता. माणसाचं काही बिघडलं, की त्या क्षणी त्याचे हात कुठे होते एवढं विचारावं, बाकीचं मग आपोआप कळतं, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

हे मत त्यांनी घोड्यावर बसून कमावलं होतं. मालवणकडून पोरवयात मुंबईला आलेला हा माणूस उंचीने पाच फूट एक इंच. काही वर्षं त्यांनी शर्यतीत घोडे पळवले. एकदा पडले, उजवा गुडघा कायमचा आखडला, आणि मग ते रेसकोर्सवर नवशिक्या जॉकींना शिकवू लागले. मी त्याच रेसकोर्सवर वजनकाट्याचा कारकून होतो. शर्यतीच्या आधी आणि नंतर प्रत्येक जॉकी खोगीर मांडीवर घेऊन काट्यावर बसतो. दोन्ही वजनं जुळली पाहिजेत. ती बघायची आणि लिहायची, हे माझं काम. एखाद्या शर्यतीची चौकशी निघाली तर पंचांसमोर बसून टिपणही मीच घ्यायचो. अठरा वर्षांत माझा आकडा चुकला नव्हता. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही, पुढची गोष्ट त्याच्यावर उभी आहे म्हणून सांगतो.

सकाळची पहिली बस आम्ही बरोबर पकडायचो. मास्तर खिडकीशी बसत, डोळे मिटत, आणि मांडीवर त्यांची बोटं लगाम धरल्यासारखी हळूहळू हलत राहत. कंडक्टरला वाटे म्हातारा जप करतो. तो त्यांना तिकीटही अदबीने द्यायचा.

तुम्ही कधी सकाळी रेसकोर्स पाहिला असेल तर तुमच्या लक्षात आलं असेल, शर्यत बाहेरच्या हिरवळीवर होते आणि रोजचा सराव आतल्या वाळूच्या पट्ट्यावर. आमच्याकडे तबेल्याकडे वळायची वाट विजयरेषेच्या थोडी अलीकडेच फुटायची. म्हणून सरावाची दौड रेषेपर्यंत नेत नसत. अलीकडे एक पांढरा खांब होता, तिथे ती संपायची. त्या खांबापाशी मास्तर उभे. खांद्यावर टॉवेल, हातात घड्याळ. पोरगा त्यांच्यासमोरून गेला की हात खाली, घोडा सैल. वर्षानुवर्षं हेच.

शिकवताना ते कठोर होते. एका पोराला त्यांनी लाकडी बाकावर घोड्यावर बसतात तसं ओणवं बसवून अर्धा तास ठेवलेलं मी पाहिलं आहे. पोर रडायला आलं, तेव्हा म्हणाले, घोडा याच्यापेक्षा जास्त हलतो. पण पोरगा चुकला आणि चौकशीला गेला तर मास्तर त्याच्या बाजूने एक शब्द बोलत नसत. कोणी विनवलं तर एकच उत्तर, "मी शिकवतंय. वकिली करणा नाय."

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, आमच्या घरी रंगीत टीव्ही आला त्या हिवाळ्यात, त्यांच्या हाताखाली संजू होता. सतरा वर्षांचा. बाप तिथेच मोतद्दार, म्हणजे घोड्याची देखभाल करणारा. तबेल्याच्या आवारातल्या खोलीत संजू जन्मला आणि वाढला. त्याच्याइतके हलके हात आपण पाहिले नाहीत, असं मास्तर मला बसमध्ये एकदा म्हणाले. त्याला मात्र कधी म्हणाले नाहीत.

त्या रविवारी संजूची पाचवी शर्यत होती. शेवटच्या टप्प्यात त्याची घोडी एका घोड्याच्या पूर्ण लांबीने पुढे होती. काट्याच्या खोलीच्या दारातून मला सगळं दिसत होतं. आणि रेषा समोर असताना संजूने हात सोडले. घोडी सैलावली. मागचा घोडा आला आणि मानेच्या अंतराने जिंकला.

स्टँडमधून जो आवाज उठला तो मी इथे लिहीत नाही. संजू येऊन काट्यावर बसला. काट्याचा काटा स्थिर व्हायला वेळ लागला.

चौकशी लगेच बसली. पंच तिघे. प्रश्न एकच होता. पोरगा कच्चा म्हणून चुकला, की कोणाचं ऐकून घोडी मुद्दाम धरली? कच्चा असेल तर काही आठवडे बंदी. मुद्दाम असेल तर लायसन कायमचं रद्द, आणि नियमाप्रमाणे अशा माणसाने तबेल्याच्या आवारात पाऊल टाकायचं नाही. म्हणजे संजूला स्वतःच्या बापाच्या खोलीतही राहता आलं नसतं.

हात का सोडलेस, असं पंचांनी त्याला पाच वेळा विचारलं. तो पाचही वेळा म्हणाला, "चुकलं, साहेब." मी पाच वेळा 'चुकलं' लिहिलं. कारण विचारलं की तो खाली बघायचा. थोरल्या पंचांनी पेन टेबलावर ठेवलं, आणि त्यांच्या मनात काय आलं ते मला समजलं. निर्दोष पोरगा गोंधळतो, काहीतरी बडबडतो. हा तोंड मिटून होता. चौकशी बुधवारवर गेली.

सोमवारी शर्यतीची फिल्म दाखवली. टिपणासाठी मीही बसलो होतो. हिरवळीच्या कठड्याला दर पाच मीटरवर एक खांब आहे. संजूचे हात सुटले त्या जागेपासून रेषेपर्यंत मी ते मोजले. सात. पुन्हा फिल्म लागली, पुन्हा मोजले. सात. पस्तीस मीटर. वाळूच्या पट्ट्यावरचा पांढरा खांब रेषेपासून किती अंतरावर आहे, ते मला माहीत होतं. कधीकाळी मीच फीत धरून ते मोजून दिलं होतं.

चौकशीतली गोष्ट बाहेर बोलायची नाही हा नियम मी अठरा वर्षं पाळला होता. त्या संध्याकाळी मोडला.

मास्तर एकटे राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. गॅलरीत बसून ते सुपात तांदूळ निवडत होते. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी सुरुवात केली. पोराने लबाडी केली असेल तर जाऊ दे लायसन, माझा पोटचा असता तरी हेच म्हटलं असतं, असं काहीतरी. आवाज नेहमीचा होता, पण खडे बाजूला टाकण्याऐवजी ते पुन्हा सुपातच टाकत होते.

मी म्हणालो, "मास्तर, हात सुटले ते रेषेच्या पस्तीस मीटर आधी."

सूप थांबलं.

"काल तुम्ही कुठे उभे होता?"

शर्यतीच्या दिवशी ते नेहमी स्टँडच्या कोपऱ्यात असत. त्यांनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाले, "खांबाकडे. तेचे हात जवळसून बघूचे होते."

आमच्या आवारात खाली पोरं क्रिकेट खेळत होती. त्यांचा आरडाओरडा वर ऐकू येत होता. संजूने भरधाव येताना कठड्यापलीकडे तो पांढरा खांब पाहिला, त्याच्याशी टॉवेलवाला माणूस पाहिला, रोज सकाळी पाहतो तसा. आणि रोज सकाळी जे करतो तेच त्याच्या हातांनी केलं.

"तेना सांगला नाय?" मास्तरांनी विचारलं.

"नाही. पाच वेळा 'चुकलं' म्हणाला."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्यांची बोटं हलली नाहीत. उतरल्यावर ते सरळ तबेल्याकडे गेले, मीही मागोमाग गेलो. संजू घोडीचं दाणापाणी करत होता. मास्तरांनी त्याला विचारलं की पंचांना खरं का सांगितलं नाहीस.

"काय सांगू? तुम्ही दिसलात म्हणून थांबलो? सगळं तुमच्यावर आलं असतं ना, मास्तर."

"लायसन जायत तुझा."

"जाऊ दे. मला कळलंच नाही हो. हात आपोआप खाली गेले."

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ते त्याच्या पाठीवर हात ठेवतील. तसं झालं नाही. "हात तुझेच होते," एवढं म्हणून ते लंगडत निघून गेले. संजू मात्र तेवढ्यानेच रडला. बादली खाली ठेवून, घोडीच्या मानेआड तोंड करून.

बुधवारी मास्तर पंचांसमोर उभे राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. इस्त्रीचा सदरा घातला होता, त्याची वरची गुंडी गळ्याशी घट्ट लावलेली. त्यांनी खांबाची गोष्ट सांगितली, सरावाची पद्धत सांगितली, रविवारी आपण तिथे का गेलो ते सांगितलं. मराठी शुद्ध बोलायचा प्रयत्न करत होते, त्यामुळे शब्द एकेक येत होता. पंचांनी फिल्म पुन्हा मागवली. पडद्याच्या कडेला, आधी आमच्यापैकी कोणाच्या लक्षात न आलेला एक लहानखुरा माणूस उभा होता. खांद्यावर टॉवेल.

थोरले पंच म्हणाले, "म्हणजे चूक तुमची?"

"खांब माझा, साहेब. हात त्याचे. दोन्ही लिहा."

मी दोन्ही लिहिलं.

"मग पोराला सोडून द्यायचं का?"

मास्तरांनी मान हलवली. "नाही. शिक्षा द्या. लोकांनी त्याच्या घोडीवर विश्वास टाकला होता. पण लबाड म्हणून देऊ नका, साहेब. कच्चा म्हणून द्या."

पंचांनी आम्हाला बाहेर काढलं नाही. तिथेच आपसांत बोलले. संजूला दोन महिने शर्यतीत बसायची बंदी झाली. कारणाच्या रकान्यात मला त्यांनी 'अननुभव' हा शब्द सांगितला. तो मी लिहीत असताना मास्तर टेबलाशी वाकून बघत होते. त्यांना नीट वाचता येत नव्हतं हे मला माहीत होतं, म्हणून मी तो हळूच मोठ्याने म्हटला.

मास्तरांना पंचांनी फक्त समज दिली. त्यांना ती पुरेशी वाटली नाही. महिनाअखेरीला त्यांनी काम सोडलं. मी घरी जाऊन खूप समजावलं. खांब हलवता येईल, दौड रेषेपर्यंत नेता येईल, हेही सांगितलं. पुढे ते दोन्ही केलं गेलं. पण ते प्रत्येक गोष्टीला 'रवांदे' म्हणायचे, राहू दे. त्यांचं ठरलं होतं. "माका बघून पोरांचे हात खाली जातत," ते म्हणाले, "मग मी थंय नको."

बंदीच्या दोन महिन्यांत संजूला कोणी घोडा देईना. तेव्हा मास्तरांनी त्याला मरोळला बोलावलं. आमच्या मागच्या गल्लीत वरातीच्या घोड्या ठेवणारा एकजण होता. त्याची एक पांढरी घोडी दुपारी मोकळी असे. आमच्या गॅलरीतून दिसणारा कारखान्यांच्या वसाहतीतला सरळ रस्ता सुटीच्या दिवशी रिकामा असतो, तिथे संजू तिला चालवायचा. ज्या घोडीला बँडच्या तालावर पावलं टाकायची सवय, ती काही केल्या पळेना. गल्लीतली पोरं मागे लागायची, "ए, नवरदेव, करवली कुठाय?" संजूचे कान लाल व्हायचे. मास्तर हसत नसत. ते घोडीच्या मागे, शेपटीपासून दहा पावलांवर चालत. पुढे किंवा बाजूला कधीच नाही. संजूने एकदा मान वळवली, तेव्हा ओरडले, "माका शोधू नको. रस्तो बघ."

मी गॅलरीतून हे बघत असे. लंगडणारा माणूस, धुळीत, एका वरातीच्या घोडीच्या मागे. दोन महिन्यांत त्यांनी सुटीची एकही दुपार चुकवली नाही.

बंदी संपल्यावर संजूची पहिली शर्यत लागली. तो काट्यावर बसला. साडेएक्कावन्न किलो. काट्याकडे न बघता त्याने मला विचारलं, "मास्तर आलेत?" मी म्हणालो, नाही. तो खोगीर उचलून गेला.

मास्तर त्या दिवशी आले नाहीत, आणि त्यानंतर कधीच आले नाहीत. दोन वर्षांनी खोली पुतण्याच्या नावावर करून ते गावी गेले. तिथेच वारल्याचं मला उशिरा कळलं. संजू पुढे पुष्कळ वर्षं घोडे पळवत राहिला. पण मला मास्तरांची आठवण होते ती बंदीनंतरच्या त्या पहिल्या शर्यतीच्या संध्याकाळची.

घरी पोचल्यावर मी चपला न काढता त्यांच्याकडे गेलो. ते दार उघडं ठेवून बसले होते. चहाचा कप शेजारी, थंड झालेला. मी म्हटलं, तिसरा आला. त्याचं त्यांना काही वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी विचारलं, "रेषेच्या पुढे संजू खंयपर्यंत गेलो?"

हे विचारणार हे मला माहीत होतं, म्हणून मी कठड्याचे खांब मोजून ठेवले होते. रेषा ओलांडल्यावरही संजू हात सोडत नव्हता. बाकीचे घोडे मंदावले आणि हा एकटा खाली वाकून घोडा रेटत राहिला. स्टँडमधले लोक हसत होते.

"पंधरा खांब," मी म्हणालो. "पंचाहत्तर मीटर."

त्यांनी मनाशी काहीतरी ताडून पाहिलं.

"जास्त झाला," मास्तर म्हणाले. "पण रवांदे."