अण्णांनी मारलेली हाक

मी बीएस्सी झालेली बाई. भूत, करणी, बाहेरचं... असलं कुणी बोललं की माझं डोकं फिरायचं. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते. पण दोन वर्षं झाली, आता कुणाला तरी सांगितलंच पाहिजे.

संभाजीनगरात सिडकोमध्ये आमचं बैठं घर. माझे वडील, अण्णा, मूळ पिशोरचे. वाळूजला प्रेस मशीनमध्ये त्यांची दोन बोटं गेली, तरी पुढं वीस वर्षं त्याच मशीनवर राबले. आई लवकर गेली. माझ्या वेण्यासुद्धा अण्णांनीच घातल्या, आठ बोटांनी. सायकलवरून पडले की मी भोकाड पसरायचे आणि हे दहा पावलांवर हाताची घडी घालून उभे. "हाक मारून कुणी येत नसतंय, मंगे. ऊठ." तेव्हा लई राग यायचा. पण नवऱ्यानं सोडलं तेव्हा त्याच वाक्यावर मी उभी राहिले. माझा हिरो म्हणाल तर अण्णाच.

मग घशाचा कॅन्सर झाला. स्वरयंत्रच काढावं लागलं. गळ्याला भोक, त्यातून श्वास. आवाज कायमचा गेला. खिशात एक चमचा ठेवायचे. अगदीच अडलं तर जवळच्या भांड्यावर वाजवायचे.

त्या दिवशी आमचा पाण्याचा दिवस होता. आमच्याकडं आठवड्यातून एकदा नळ येतो, बाहेरच्यांना सांगूनही पटत नाही. नळ आला की गल्लीभर मोटारी, हंडे, बादल्या, नुसता दणदणाट. दुपारचे तीन वाजले होते. मी अंगणात ड्रम भरत होते. अण्णा आत न्हाणीतली टाकी भरायला गेलेले. बसा म्हटलं तर ऐकतील ते अण्णा कसले!

तेवढ्यात आतून हाक आली. "मंगे... ए मंगे, ये गं."

अण्णांचा आवाज. ऑपरेशनच्या आधीचा, तंबाखूनं खरखरीत झालेला.

तुम्हाला वाटेल, मी धावत गेले असेन. नाही. मी घाबरले. त्या गळ्यातून आवाज निघूच शकत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. शिवाय अण्णा कधी कुणाला हाक मारतच नाहीत — म्हणजे हे दुसरंच काहीतरी! मी फाटकाबाहेर जाऊन उभी राहिले. आणखी दोन हाका आल्या. शेवटची बारीक होती. मी रामरक्षा म्हणत होते. मी, बीएस्सी!

शेजारच्या शेख चाची पाइप ओढत बाहेर आल्या. "मंगल, अण्णा बोलने लगे क्या गं? कबके पुकार रहे तेरेकू."

तेव्हा मी आत पळाले.

अण्णा न्हाणीत पालथे पडले होते. नळ चालूच. पाय मोरीच्या भोकावर आलेला, म्हणून पाणी तुंबून गळ्याच्या भोकापर्यंत चढलेलं. हातात चमचा होता, बादलीवर मारून मारून पार वाकलेला. बाहेरच्या दणदणाटात मला तो ऐकूच आला नव्हता.

"पाच मिनिटं आधी काढलं असतं तर वाचले असते," डॉक्टर म्हणाले. आवाजाचं विचारलं तर म्हणाले, "शक्यच नाही. भास असेल." पण दोघींना एकच भास? चाची अजून शपथेवर सांगतात.

तो आवाज कुठून आला, मला आजही कळलेलं नाही. त्याची आता भीतीही वाटत नाही. अण्णांनी जन्मात कुणाला हाक मारली नव्हती. त्या दुपारी तीनदा मारली, आणि मी फाटकाबाहेर उभी होते.

त्यांचंच खरं झालं.