माझे आकडे तपासणारी

भूत-बित, आत्मा-बित मी कधीच मानलं नाही. अमावस्येला नारळ उतरवणाऱ्यांची मी आजही थट्टा करते... पण हे माझ्याच बोटांखाली घडलंय, त्यामुळे हसून सोडून देता येत नाही.

ऐंशी-एक्क्याऐंशीची गोष्ट. पिंपरीतल्या एका कंपनीत मी पंच ऑपरेटर होते. कामगारांची हजेरी, ओव्हरटाइम – सगळं पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडून नोंदवायचं. मी केलेलं कार्ड कुसुम शेजारच्या मशीनवर पुन्हा टाइप करून तपासायची. फरक पडला की तिचं मशीन अडायचं, लाल दिवा लागायचा. नियमाप्रमाणे चूक साहेबांना कळवायची. पण ही चऱ्होलीची बया कार्ड गुपचूप माझ्या पुढ्यात टाकायची. "शैले, आज उपाशी आलीस व्हय? पाचाचे सहा केलेस बग." मी नवं कार्ड करून द्यायची. वर्षानुवर्षं असंच चाललं. सख्ख्या बहिणीपेक्षा माझा तिच्यावर जीव होता.

कुसुम काविळीनं गेली... आणि काही महिन्यांतच कार्डं जाऊन पडद्याचा कॉम्प्युटर आला. त्यावर आकडे उलटे! जुन्या मशीनवर एक-दोन-तीन वरच्या ओळीत, सात-आठ-नऊ खाली. इथे नेमकं उलट. डोक्याला कळायचं, बोटांना नाही. आठाचे दोन, तिनाचे नऊ. आणि तपासायला शेजारी कोणी नाही. साहेबांनी सांगून टाकलं, "बाई, महिनाअखेरची हजेरी बिनचूक भरलीत तर ठीक. नाहीतर माझा नाइलाज आहे." नवऱ्याच्या कारखान्याला टाळं लागलेलं, घर माझ्याच पगारावर.

त्या दुपारी भरायला बसले. कागदावर एक होता, बोट गेलं सातावर – आणि बटण दबेचना. घट्ट! बोट एकावर नेलं, सहज दबलं. पुढे परत चुकले, परत तसंच. बिघाड असेल म्हणून इंजिनियरला बोलावलं. त्यानं सगळी बटणं दाबून पाहिली.

"सगळं व्यवस्थित आहे, मॅडम. आणि तुमच्या कागदावर काय लिहिलंय ते मशीनला कसं कळणार?"

खरंच, कसं कळणार? पण मला भीती वाटली नाही. उलट कितीतरी दिवसांनी शेजारची खुर्ची रिकामी नाही असं वाटलं. संध्याकाळपर्यंत हजेरी पुरी झाली, एकही चूक निघाली नाही. नोकरी राहिली.

हळूहळू बोटं रुळली. बटण अडणं कमी होत गेलं. एकदा मलाच राहवेना. कागदावर एक असताना मी मुद्दाम सात दाबला. थांबव ना गं, म्हटलं मनातल्या मनात... बटण अलगद खाली गेलं. पडद्यावर सात उमटला.

हे काय होतं, ते मी पुष्कळांना विचारलं. कुणालाच सांगता आलं नाही, मलाही अजून कळलेलं नाही. त्या दिवशी मात्र पदर तोंडाला लावून तिथेच रडले. मग तो सात माझा मीच खोडला आणि तिथे एक भरला.