अडीच फुटांची पायरी

आमच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंचं दुकान रस्त्यापासून चांगलंच उंच. म्हणून त्या रोज सकाळी दारासमोर एक लाकडी पायरी मांडतात आणि संध्याकाळी आत ओढून घेतात. नवरा गेल्यावर याच दुकानाच्या जोरावर त्यांनी दोन मुली वाढवल्या.

गेल्या वर्षी नगर नूतनीकरणाचा नकाशा लागला. पंधरा फुटांहून अरुंद गल्ल्या रुंद करायच्या, कडेची दुकानं पाडायची. हद्दीची लाल रेघ बाईंच्या दुकानावरूनच गेली होती. गल्लीची रुंदी लिहिली होती तेरा फूट.

त्यांच्या दिरांनी समजावलं, "वहिनी, सरकारी कागदाशी कुठे डोकं लावता? सही करा नि मोकळ्या व्हा."

"भावोजी, तुमच्या सदऱ्याचं माप कधी चुकलंय का माझ्याकडून? मग गल्लीचं बरं चुकेल!"

गळ्यातली टेप काढून त्यांनी एक टोक माझ्या हातात दिलं. टेप पाच फुटांची, त्यामुळे खडूने खुणा करत आम्ही या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलो. साडेपंधरा फूट भरले. पुन्हा मोजलं, तेवढेच. दमून बाई पायरीवर टेकल्या आणि एकदम ताडकन उठल्या. पायरीला टेप लावली. बरोबर अडीच फूट!

"मोजणीवाले किती वाजता आले होते हो?"

गल्लीत घडेल ते मी रोजनिशीत टिपते; ती काढून पाहिली. सकाळी साडेअकरा. म्हणजे पायरी बाहेर होती, आणि त्यांनी भिंत सोडून पायरीच्या कडेपासून मोजलं होतं.

कचेरीत पहिल्या खेपेला इंजिनिअरसाहेब बैठकीत होते, दुसऱ्या खेपेला "लेखी द्या" म्हणाले. तिसऱ्या खेपेला बाई पायरीच काखोटीला मारून निघाल्या. मी सोबत होतेच. त्यांनी ती सरळ इंजिनिअरच्या टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"माझ्या दुकानाचा पाडायचा भाग. रोज संध्याकाळी मीच काढते, तुम्ही कशाला तसदी घेता?"

"बाई, आधी ते खाली ठेवा."

"आधी गल्लीत चला."

गुरुवारी साहेब आले. स्वतः टेप धरली, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले आणि नकाशावरचे तेरा खोडून साडेपंधरा लिहून सही केली. लाल रेघ आमच्या गल्लीच्या तोंडाशीच थांबली.

बाईंनी पायरी पुन्हा दारात मांडली.

"साहेब, चढा वर. तुमच्या बाहीची शिवण उसवलीय."