तुरीतून पळालेला माणूस

विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव वातावरण तापलं होतं, तेव्हा मी झरीजवळच्या एका खेड्यात शिक्षिका होते. एका दुपारी वर्गाच्या खिडकीतून धूर दिसला. आमच्याच शाळेतल्या एका गुरुजींच्या कडब्याची गंजी पेटली होती. गुरुजी बौद्ध, त्यामुळे ही कुणीतरी लावलेलीच आग, अशी कुजबूज लगेच सुरू झाली. मी एवढंच पाहिलं होतं की एक पाठमोरा माणूस तुरीतून पळत गेला.

तिसऱ्या दिवशी फौजदार शाळेत आले. खुर्चीत टेकता टेकता त्यांनी सहज विचारलं, "बाई, तो लंगडत पळाला, तेव्हा हातात काय होतं त्याच्या?"

हातात काही नव्हतं, असं मी सांगितलं. जबाब लिहून झाला, मी सही केली.

त्यानंतर डोळे मिटले की तो माणूस दिसायचा, डावा पाय ओढत पळणारा. गावात लंगडा एकच होता, आमचा शिंपी. त्याला धरून नेलं तेव्हा मला नवलही वाटलं नाही. तोवर त्या पाठमोऱ्या माणसानं मागं वळून पाहिलं होतं, आणि चेहरा शिंप्याचाच होता.

आठवड्यानं गुरुजी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आले. शिंप्याची बायको त्यांच्या दारात रडून गेली होती. नवरा त्या दिवशी परभणीला दवाखान्यात होता, असं तिचं म्हणणं. गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "बाई, आग विझवताना तुमीच मला म्हणलात, हरणावानी पळाला. लंगडत होता म्हणून न्हाई म्हणलात."

मला त्यातला एक शब्द आठवेना. हेडमास्तरांना विचारलं, तर त्यांनीही तेच ऐकलेलं.

गुरुजींना सोबत घेऊन मी ठाण्यात गेले आणि जबाब बदलला. फौजदार चिडले, पण दवाखान्याचा कागद आला आणि शिंपी सुटला. आग कुणी लावली ते कधीच कळलं नाही.

मी शिंप्याकडे माफी मागायला गेले. त्यानं मशीन थांबवलं. "बाई, तुमी मला पाहिलं का न्हाई, तेवढं सांगा."

"नाही पाहिलं," मी म्हणाले.

तो मान हलवून उठला आणि आत पाणी आणायला गेला. त्याची पाठ माझ्याकडे होती. मला वाटलं, हाच तो.